वितंडवादी म्हणजे नक्की कोण?

शेवंती
मंडळी, गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय होता. समितीने एकाच कंत्राटदाराचं कोटेशन आणलं होतं आणि त्यावरच हात वर करा म्हणत होते. मी उठून विचारलं: तीन कोटेशनं का नाहीत, हमी किती वर्षांची, मागच्या वेळचं काम तिसऱ्याच पावसाळ्यात का गळायला लागलं? उत्तर आलं, "तुमच्याकडे दुसरा कंत्राटदार आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग मॅडम, हा वितंडवाद झाला." सगळे हसले, ठराव मंजूर झाला, मी खाली बसले.

ठरावापेक्षा तो शब्द जास्त लागला. लहानपणी वडील मला "वितंडवादी कार्टी" म्हणायचे, तेव्हा त्यात कौतुक असायचं. परवा त्याच शब्दाने माझं तोंड बंद केलं. म्हणून विचारते. वितंडवादी म्हणजे नक्की कोण? नुसता भांडणारा, की आणखी काही? त्यातलं "तंड" कुठून आलं? तंटा, तंडणे, तांडव हे सगळे एकाच घरातले का? आणि हुज्जत घालणारा, भांडकुदळ, वितंडवादी यांत फरक काय?

चिंचपाणी
वाखुसा (वाचनखूण साठवली). जागा धरून ठेवतेय, जाणकार येऊ देत.

अनुस्वार
शेवंती, तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण तुमच्या सेक्रेटरींनी शब्द जवळजवळ शास्त्राप्रमाणे वापरलाय.

अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, सोळा पदार्थ (विचाराचे विषय) सांगितलेत, त्यात वाद, जल्प, वितंडा असे ओळीने येतात. चर्चेचे हे तीन प्रकार. वादात दोघांनी आपापली बाजू घ्यायची, प्रमाणांनी आणि तर्काने ती मांडायची आणि खरं काय ते शोधायचं. जल्पातही दोघांना बाजू असते, पण हेतू जिंकण्याचा, म्हणून तिथे छल (समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ घेणं) वगैरे हत्यारं चालतात. वितंडेचं सूत्र एवढंसं आहे: "स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा". तोच जल्प, पण स्वतःची बाजू न मांडता केलेला. समोरच्याचं खोडत जायचं, आपलं काही ठेवायचं नाही. "तुमच्याकडे दुसरा कंत्राटदार आहे का" हे नेमकं त्यावरच बोट आहे.

"तंड्" धातूचा अर्थ मारणे, आघात करणे. जिच्यामुळे समोरच्याच्या पक्षावर घाव पडतो ती वितंडा. मराठी तंडणे मला याच घरातलं वाटतं. तांडवाची कथा निराळी आहे, नाट्यशास्त्रात ते तंडू नावाच्या शिवगणाशी जोडलेलं आहे.

आणि एक. मुळात वाद वेगळा, वितंडा वेगळी. त्यामुळे "वितंडवाद" हा शब्दच दोन न जुळणाऱ्या गोष्टींची मोट आहे, ती आपण मराठीत बांधली.

खडीसाखर
समाजवादी, साम्यवादी, वितंडवादी. तिसऱ्याचे सभासद प्रत्येक पक्षात सापडतील :)

दौत
हुज्जतीचं मी सांगतो. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, मुद्दा सिद्ध करणारा युक्तिवाद. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांना "हुज्जतुल इस्लाम" म्हणत, इस्लामचा पुरावा अशा अर्थाने. केवढा मानाचा शब्द! फारसीच्या वाटेने आपल्याकडे येईपर्यंत पुरावा गळाला आणि तणतण तेवढी उरली. आता बातमीत "पोलिसांशी हुज्जत घातली" वाचलं की हेल्मेट न घातलेला दुचाकीस्वारच डोळ्यांसमोर येतो.

तक्रारीचंही तसंच झालंय. अरबी तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. एकच गोष्ट परत परत बोललं की हिंदी-उर्दूत ती बाचाबाची होते आणि मराठीत अर्ज. हुज्जतखोर, भांडखोर, तंटेखोर यांतलं "खोर" फारसीतलं, खाणारा. लाचखोर लाच खातो, भांडखोराचं पोट भांडणाने भरतं.

जाई
दौत, सुंदर माहिती.

मला दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचंय. कजाग, तोंडाळ, फटकळ, भांडकुदळ हे शब्द कुणाबद्दल वापरले जातात ते आठवून बघा. मी १९ वर्षं एका कार्यालयात बैठकांची टिपणं लिहिली. तोच आक्षेप पुरुषाने घेतला की तो "अभ्यासू" किंवा "रोखठोक", बाईने घेतला की "ती जरा भांडकुदळच आहे". "कजाग नवरा" असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. शेवंती, तुमच्या जागी कुणी जोशीकाका उठले असते तर शब्द वितंडवाद आला असता का, याचाही विचार व्हावा.

शेवंती
जाई, हे मनात आलं होतं, लिहायचं धाडस झालं नव्हतं. सभेत ४० जण होते, त्यात बायका सात.

कुदळफावडं
माझं नाव निघालं म्हणून आलो! भांडकुदळ शब्दात मला खरीखुरी कुदळच दिसते. आपण "भांडण उकरून काढलं" म्हणतोच ना? गाडलेलं उकरायला कुदळ लागते. भांडखोर समोर आलेल्या भांडणात उतरतो, भांडकुदळ मुद्दाम खणायला जातो. आमच्या आत्याबाई १५ वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या मानपानाच्या साड्या अशा अलगद वर काढायच्या की मातीचा कणही चिकटलेला नसायचा.

ठेचाभाकर
आमच्या अकोल्याकडे वितंडवादी कोनी म्हनत नाही. "लय तंडते बाप्पा हा" म्हनलं का झालं. अन् जो कामाच्या वक्ती बोलत नाही, काम झाल्यावर तंडते, त्याले तर कोनी जवळ उभं करत नाही. ताई, तुमी कामाच्या आंधी बोलल्या, हे बरं केलं.

रोखठोक
मी विरुद्ध बाजूने लिहितो. पाच वर्षं सोसायटीचा खजिनदार होतो, पगार शून्य. प्रत्येक सभेत एक-दोघे असतातच. लिफ्ट बदलायची? विरोध. रंग काढायचा? विरोध. "मग काय करू या" विचारलं की "ते समितीने बघावं". आमच्याकडे अशाच खोडण्यात पाण्याच्या टाकीची दुरुस्ती दोन उन्हाळे रखडली आणि टँकरचे पैसे सगळ्यांनी भरले. न्यायसूत्रांनी या माणसाला वेगळं नाव दिलं हे वाचून बरं वाटलं. शेवंतीताई, तुमचे प्रश्न रास्त आहेत, पण सभेच्या आधी दोन फोन करून एक तरी कोटेशन मिळवता आलं नसतं का? नुसतं "हे नको" म्हणणं फार स्वस्त असतं.

ओळंबा
रोखठोक, जोरदार असहमत. मी साइटवर तपासणीचं काम करतो. स्लॅब टाकायच्या आधी सळ्या बघतो, कव्हर ब्लॉक (सळ्यांखाली ठेवायचे ठोकळे) नसले तर काँक्रीट थांबवतो. "मग तू बांधून दाखव" असं मला कुणी म्हणत नाही. दोष दाखवणं हेच माझं पूर्ण काम आहे. हिशेबतपासनीस काय करतो? तो काही तुमचा धंदा चालवून दाखवत नाही.

शेवंती, ठराव झाला असला तरी एक करा. काम संपल्यावर गच्चीवर पाणी कोंडून निदान ४८ तास ठेवायला लावा, खालच्या मजल्याच्या छताला ओल येते का ते बघा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यायचा हे करारात लिहून घ्या. कोबा कितीही चांगला दिसला तरी पाणी जातं ते पॅरापेटच्या कडेने आणि पाइपांच्या भोवतीने.

रोखठोक
४८ तासांचा मुद्दा लाखमोलाचा. तो शेवंतीताईंनी सभेत मांडला असता तर मीच हात वर केला असता. माझं म्हणणं तेच आहे, काहीतरी मांडा.

गुळवेल
वैद्य आहे, म्हणून चरकसंहिता आणतो. तिच्या विमानस्थान या भागाच्या आठव्या अध्यायात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी यावर मोठं विवेचन आहे. चर्चा दोन प्रकारची: संधायसंभाषा, म्हणजे स्नेहाने केलेली, आणि विगृह्यसंभाषा, म्हणजे लढाईच्या पवित्र्यातली. दुसरीत जल्प आणि वितंडा येतात. चरकाची व्याख्या आणखी सरळ आहे: "वितण्डा नाम परपक्षे दोषवचनमात्रमेव". दुसऱ्याच्या पक्षातले दोष सांगणं, तेवढंच.

पण मी विद्यार्थ्यांना पहिला प्रकार आधी वाचायला लावतो. तिथे सांगितलंय की हरण्याच्या भीतीने बिचकू नये, समोरच्याला निरुत्तर केलं तर हरखू नये आणि चारचौघांत त्याची बढाई मारू नये. सभा हसली असं शेवंतींनी लिहिलंय. ते हसणं या नियमात बसत नाही.

हुगळीकाठ
कोलकात्यात २२ वर्षं झाली. बंगालीत हा शब्द रोजच्या वर्तमानपत्रात असतो: बाकबितंडा. आपण शाब्दिक चकमक म्हणतो ना, ती. त्यात कुणाला बाजू आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही, दोघं मोठ्याने बोलले की झाली बाकबितंडा.

बेळगावी_कुंदा
कन्नडमध्ये वितंडवाद आहेच. शिवाय तंट्याला तंटे आणि तंटेखोराला तंटेकोर! ते "खोर" आमच्या भागात दोन्ही भाषांत सुखाने नांदतं. माझा तमिळ सहकारी तर ऊठसूट "विदंडावादम नको" म्हणतो, बहुतेक वेळा बायकोशी फोनवर.

पिंपळपान
अनुस्वार, एक दुरुस्ती. "वितंडवाद" ही मोट मराठीने बांधलेली नाही. पाली अट्ठकथांत (बौद्ध ग्रंथांवरच्या टीकांत), म्हणजे टीकाकार बुद्धघोषाच्या काळात, पाचव्या शतकात, वितंडवादी हा शब्द सर्रास येतो. भलतंच मत मांडून अडवणाऱ्या प्रतिपक्षाला तिथे वितंडवादी म्हणतात, आणि लोकायत म्हणजे काय तर वितंडवादाचं शास्त्र, असा अर्थ दिलेला आहे. यात एक गोष्ट दिसते. लोकायतवाल्यांना, म्हणजे चार्वाकांना, स्वतःचं मत नव्हतं असं नाही, चांगलं ठाम मत होतं. तरी शिक्का वितंडवादीचा बसला. म्हणजे इतक्या जुन्या काळापासून हा शब्द व्याख्येपेक्षा शिक्का म्हणून जास्त वापरला गेलाय.

तुमच्या बाजूचं उदाहरण मीच देतो. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात सरळ लिहिलंय, "नास्ति च मम प्रतिज्ञा". मला प्रतिज्ञाच, म्हणजे सिद्ध करायचं विधानच नाही, म्हणून दोषही नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायसूत्रं मानणाऱ्यांनी, त्याला वैतंडिक (वितंडा करणारा) म्हटलं असणार यात नवल नाही. पण त्याला कोण "फुकटचा खोडा घालणारा" म्हणेल?

अनुस्वार
पिंपळपान, दुरुस्ती मान्य. पाली माझ्या डोक्यातच आली नाही.

नागार्जुन आलाच आहे तर वात्स्यायनाचा डाव सांगतो, त्याने न्यायसूत्रांवर लिहिलेल्या न्यायभाष्यातला. वैतंडिकाला विचारा, तू हे कशासाठी बोलतोस? त्याने हेतू सांगितला तर तोच त्याचा पक्ष झाला, म्हणजे तो वैतंडिक राहिला नाही. नाही सांगितला तर तो ना लौकिक ना परीक्षक, म्हणजे साध्या माणसांतही नाही आणि अभ्यासकांतही नाही.

आता हाच प्रश्न शेवंतींना. तुम्ही कशासाठी उठलात?

पोफळी
शेवंती उत्तर देईपर्यंत थोडं अवांतर. अशा चर्चेला लोक "काथ्याकूट" म्हणून नाक मुरडतात, ते मला पटत नाही. मी वेंगुर्ल्याकडची. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजत घालायची, मग बाहेर काढून लाकडी दांड्याने कुटायची. कुटताना काय येतं? वास आणि भुसा. पण भुसा झडून गेल्यावर हातात जो धागा उरतो त्याची दोरी वळतात, त्या दोरीने होडी बांधतात. माझ्या आजीचे तळवे कुटून कुटून चामड्यासारखे झाले होते. कुटल्याशिवाय काथ्या होत नाही. चऱ्हाट वळणं, कीस काढणं, खल करणं, सगळे शब्द असेच हातांच्या कामातून आलेत आणि बोलण्यात येताना बिचारे बदनाम झालेत.

चिंचपाणी
पोफळी, काय लिहिलंयस! यापुढे काथ्याकूट शब्द जपून वापरेन.

पायरी
वकिली करते. आमच्याकडे वाद म्हणजे दिवाणी दावा आणि वादी म्हणजे तो लावणारा. शब्दाला भांडखोरीचा वाससुद्धा नाही. मराठेशाहीतल्या निवाड्याच्या कागदांत वादीला अग्रवादी आणि प्रतिवादीला पश्चिमवादी म्हटलेलं आहे, आधी बोलणारा आणि मागून बोलणारा. मला ही नावं फार आवडतात. कोण चांगला, कोण वाईट, काही नाही, फक्त क्रम. प्रतिवादी आजही कैफियत देतो, आणि कैफियतीच्या मुळाशी अरबी "कैफ" म्हणजे "कसे" आहे. काय कसं घडलं ते सांग.

उलट टोकाला कज्जेदलाल. स्वतःचा कज्जा नसताना दुसऱ्यांना कज्ज्यात उतरवून त्यावर जगणारा. खरा धोकादायक माणूस तो. वितंडवादी निदान स्वतः समोर उभा राहतो.

निवडुंग
सरकारने २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली तेव्हा आमच्या सांगलीकडच्या गावात समिती झाली होती. "वादमुक्त गाव" असं नाव दिलं नाही, हे आज या धाग्यामुळे लक्षात आलं. तंटा मिटवायचा असतो. वाद मिटवला तर ग्रामसभेत बोलायचं काय?

अनुस्वार
निवडुंग, क्या बात! गीतेच्या दहाव्या अध्यायात "वादः प्रवदतामहम्" आहे. बोलणाऱ्यांमधला वाद मी आहे, असं म्हटलंय. जल्प किंवा वितंडा नव्हे. आणि ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीच्या गणेशरूपकात तर्क हा परशू आहे, तर "संवादु तोचि दशनु, जो समता शुभ्रवर्णु". हातात परशू आहे, पण मुखात दात संवादाचा.

शेवंती
सगळं दोनदा वाचलं. अनुस्वार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. मी उठले कारण मी वरच्या मजल्यावर राहते. मागच्या पावसाळ्यात आईच्या पलंगाच्या वर छताला ओल आली. आई अंथरुणाला खिळलेली, मग पलंग सरकवत सरकवत दारापर्यंत आणला. गच्ची गळू नये हा माझा हेतू. आणि "एका कोटेशनवर ठराव करू नये, आधी तीन मागवावीत" हे माझं म्हणणं होतं. मग हा माझा पक्षच झाला ना? कंत्राटदार माझ्याकडे नव्हता, पण बाजू होती. ती मी प्रश्नांच्या रूपात विचारली, विधान म्हणून मांडली नाही, एवढंच.

रोखठोक, तुमचा टाकीचा अनुभव वाचून समितीची बाजूही कळली. पुढच्या वेळी लिहून नेईन.

रोखठोक
तुमचा पक्ष होता, मान्य. शब्द मागे घेतो. आईंची तब्येत आता कशी आहे?

शेवंती
बरी आहे. पलंग अजून दारापाशीच आहे.

काळी_माती
उशिरा आलो, पेरणीचे दिवस आहेत. वरती न्यायसूत्रांचा विषय निघाला पण त्यातलं एक सूत्र कुणी आणलं नाही, आणि शेतकरी म्हणून मला तेच जवळचं आहे. चौथ्या अध्यायातलं. जल्प आणि वितंडा कशासाठी? हाती आलेलं तत्त्व राखण्यासाठी, "बीजप्ररोहसंरक्षणार्थं कण्टकशाखावरणवत्". कोवळे कोंब राखायला काटेरी फांद्यांचं कुंपण करतात तसं.

आमच्याकडे त्याला कुपाटी म्हणतात. बाभळीच्या नाहीतर बोरीच्या फांद्या तोडायच्या, बुडखा आत आणि शेंडा बाहेर ठेवून दाबत न्यायच्या. हात रक्ताळतात. कुपाटी खायच्या कामाची नाही, तिला कणीस लागत नाही. पण कोंब दोन पानांचा असताना ती नसली तर शेळ्या एका सकाळीत रान साफ करतात. म्हणजे ज्यांनी वितंडेची व्याख्या केली त्यांनीच तिला शेताच्या कडेला जागाही दिली. आत काही पेरलेलं असलं म्हणजे झालं. शेवंतीताईंच्या आत पेरलेलं होतं.

पिंपळपान
हे सूत्र मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. बुडखा आत, शेंडा बाहेर हे आज कळलं.

पायरी
शेवंती, कामाचं विचारते. सभेच्या इतिवृत्तात काय लिहिलंय? मसुदा आला असेल तर बघून घ्या.

शेवंती
आला काल. "एका सभासदाने वितंडवाद घातला" असं आहे. प्रश्न एकही नोंदवलेला नाही.

पायरी
मग लेखी अर्ज द्या. त्या वाक्याच्या जागी "सभासदाने पुढील आक्षेप नोंदवले" आणि खाली तुमचे तिन्ही प्रश्न. चौथा म्हणून ओळंब्यांची ४८ तासांची चाचणी करारात घेण्याची मागणी, पण ती स्वतंत्र पत्रात, कारण सभेत ती बोलली गेली नव्हती. दोन्हींची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

दौत
आक्षेप म्हणजे मुळात फेकणं. तरी तोच लिहा, त्यात निदान काय फेकलं ते नोंदवावं लागतं.

शेवंती
दोन्ही अर्ज दिले. इतिवृत्ताच्या अर्जावर सेक्रेटरींनी सही करताना विचारलं, "वितंडवाद शब्दात चूक काय आहे?" मी म्हटलं, वेळ असेल तर चहाला या, बरंच सांगण्यासारखं आहे. शनिवारी येतायत.